तीन नंबरचा ठोका

माझ्या भाचीने कामावरच्या वहीत तीन नंबरच्या मशीनपुढे 'ठीक' असा पहिला खोटा शब्द लिहिला तो दिवस फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार होता. तारीख मी नंतर माझ्या रोजनिशीवरून काढली. त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे: 'घुमी खुशीत आहे. जेवताना गुणगुणत होती. का ते सांगत नाही.'

घुमी हे तिचं टोपणनाव. लहानपणापासून ती कमी बोले, म्हणून माझ्या बहिणीनेच ते ठेवलं. बहीण गेली तेव्हा घुमीने चौतिशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात ती कामाला होती आणि माझ्या घरापासून ते चालत वीस मिनिटांवर. माझे यजमान गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती. तिने दोन पेट्या, एक उशी आणि हेडफोनचे तीन जोड एवढंच सामान आणलं.

"तीन कशाला गं? कान दोनच आहेत ना?" मी विचारलं.

"एक कामावरचा, एक घरचा, एक तुझा," ती म्हणाली. आठ वर्षांत एका दमात ती याहून जास्त बोलल्याचं मला फारसं आठवत नाही.

तर त्या तिसऱ्या जोडाने मला तिच्या जगात ओढलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आठवड्यातून दोनदा पियानो शिकवत. समोर ठोके मोजणारा मेट्रोनोम ठेवत आणि ठोका चुकला की बोटांवर पट्टी बसे. त्यामुळे मला सूर थोडा कळतो, ठेका पक्का कळतो. घुमी ऐकायची ते संगीत मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या गावात एखादा माणूस आपल्या खोलीत बसून संगणकावर सूर रचतो, त्यात नळाचं टपटपणं घालतो, शेजाऱ्याच्या जिन्यावरची पावलं घालतो आणि इंटरनेटवरच्या एखाद्या पानावर ते ठेवून देतो. ऐकणारे असतात अकरा, नाहीतर सतरा. मग दुसरा कुणी तेच गाणं उसवतो, तुकडे वेगळे करतो आणि आपल्या मापाने पुन्हा शिवतो. तो झाला रिमिक्स. पहिल्यांदा मला तो वाजता फ्रीज वाटला. चौथ्या वेळी मी हेडफोन काढायला तयार नव्हते.

शोधण्याची तिची रीत ठरलेली होती. एक गाणं आवडलं की ते आणखी कुणाला आवडलं आहे ते ती बघे, मग त्या माणसाला दुसरं काय आवडतं ते, आणि अशी पायरी पायरीने खाली उतरत जाई. शंभराहून जास्त जणांनी ऐकलेलं ती सहसा घेत नसे. "त्याला माझी काय गरज?" म्हणे. दर रविवारी सकाळी नऊच्या आत तिची यादी निघे. गाणी पाच, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि 'सुंदर' हा शब्द वर्ज्य. तिच्या ओळी मी उतरवून ठेवल्या आहेत. 'भांडी घासताना नको, हातातून निसटतील.' 'दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी दार लावतं. दचकू नका.' 'हा रिमिक्स मूळ गाण्याहून प्रामाणिक आहे.' ही यादी तेवीस जणांना जाई. त्यातले एकवीस परक्या मुलखांत, परक्या भाषांत राहणारे. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाविसावी मी. तेविसावी दुपारवाली.

दुपारवालीबद्दल सांगायला हवं. घुमीची पाळी सकाळची, तिची दोननंतरची. ती पंधरा मिनिटं आधी यायची आणि शेवटचा घाणा दोघी मिळून मशीनमधून काढायच्या. उंचीने घुमीच्या खांद्याइतकी, आणि तोंड असं की दोन पाळ्यांना पुरावं. दोन-तीनदा ती घरीही आली होती.

"मावशी, तुमची ही भाची मला दर रविवारी काय पाठवते माहितेय? भूत पंक्चर काढतंय असं काहीतरी."

"मग ऐकतेस कशाला?" घुमी म्हणे.

"तू पाठवतेस म्हणून, बाई. नाहीतर तू बोलतेस कुठे माझ्याशी?"

तिथल्या कामाची पद्धत अशी. धुणारी मशीन वेगळी, पिळणारी वेगळी. पिळणारी चार, आपल्या गच्चीवरच्या टाकीएवढी, पोलादी. सकाळी सव्वासहाला, कपडे भरायच्या आधी, प्रत्येक मशीन एक मिनिट रिकामं फिरवायचं, झाकणावर हात ठेवून ऐकायचं आणि दोषांच्या वहीत त्याच्या नंबरापुढे लिहायचं: ठीक, किंवा काय बिघाड आहे ते. फिटर फक्त गुरुवारी येई. वही उघडे आणि ज्याच्यापुढे काही लिहिलेलं असेल त्याच मशीनपाशी जाई. हे लिहिण्याचं काम घुमीकडे होतं, कारण तिच्यासारखा कान तिथे कुणाचा नव्हता. एकदा तिने एका मशीनपुढे 'आत नाणं आहे' असं लिहिलं आणि खरोखरच ड्रमच्या मागे एक नाणं निघालं. फिटर म्हणाला होता, "घुमीताईंनी 'ठीक' लिहिलं की मी डोळे मिटून चहा पितो."

फेब्रुवारीत तीन नंबर ठोके देऊ लागलं. वेग वाढता वाढता एका टप्प्यावर आतून 'धुम्' असा आवाज यायचा. मऊ, खोल, मोजून एकसारखा. घुमीने तो फोनवर टिपला. लिहायचं म्हणून वही उघडली आणि तिच्या मनात आलं की गुरुवारी फिटर येईल, बेअरिंग बदलेल, आणि हा आवाज जाईल. एकच आठवडा ठेवू, असं तिने ठरवलं आणि 'ठीक' लिहिलं. हे तिनेच मला पुढे सांगितलं.

आठ वर्षं ती दुसऱ्यांचं शोधत होती आणि तिसऱ्यांना देत होती. आता पहिल्यांदा तिच्याजवळ स्वतःचं काही होतं. ज्याची गाणी ती गेली तीन वर्षं यादीत घालत आली होती त्या एका कलावंताला तिने तो ठोका पाठवला. त्याने घेतलेल्या नावाचा अर्थ 'ओला कोळसा' असा होतो. दिवसा तो एका रंगाच्या दुकानात डबे ढवळतो, एवढीच त्याची माहिती. मार्चच्या मध्यावर त्याच्याकडून गाणं आलं. सात मिनिटांचं, खाली सबंध वेळ तीन नंबर. घुमीने मला ते स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी ऐकवलं. मी पदराला हात पुसले आणि बसले. खोटं कशाला लिहू, माझ्या अंगावर काटा आला. मी त्या दिवशी लिहिलं: 'घुमीचं पहिलं.'

महिन्याभरात तेविसाचे चारशे झाले, मग चार हजार. कुणीकुणी त्या गाण्याचे रिमिक्स केले आणि त्या रिमिक्सचेही. सगळे विचारायचे, हा ठोका कशाचा? घुमी सांगत नसे. गणवेश धुवायला टाकताना आता ती गुणगुणायची. धुलाईघरातही गाजावाजा झाला. दुपारवाली सगळ्यांना हेडफोन लावायला देत फिरली. "आमचं तीन नंबर परदेशात गेलं बरं का! आपण राहिलो इथेच, चादरी पिळत!" फिटरनेसुद्धा ऐकलं, मान हलवली आणि वहीत 'ठीक' बघून चहाला गेला.

एका रविवारी मी घुमीने फेब्रुवारीत टिपलेला मूळ ठोका आणि एप्रिलमध्ये टिपलेला मूळ ठोका पाठोपाठ ऐकले. ही माझी खोड होती: आधी मूळ, मग रिमिक्स. एप्रिलमधल्या ठोक्याच्या किंचित आधी दुसरा एक बारीक आवाज होता. नख लावल्यासारखा.

"हे काय गं?"

"ते नवीन आहे," घुमी म्हणाली. "छान आहे ना?"

"पण हे कशामुळे येतंय?"

"मावशी, मशीन आहे ते. करतं आवाज."

मी गप्प बसले. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला यंत्रातलं कळत नाही, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. बहीण गेल्यापासून तिच्या मुलीचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

मग ओल्या कोळशाने आणखी मागितलं. ठोका जड हवा, म्हणाला, भरलेल्या मशीनचा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक तो काय मागतोय. पिळणाऱ्या मशीनमध्ये कपडे चहूबाजूंनी सारखे भरावे लागतात. एका बाजूला वजन पडलं की ड्रमचा तोल जातो आणि सबंध मशीन हिसके देतं. तीन नंबर जुनं होतं, तोल गेला की आपोआप थांबायची सोय त्यात नव्हती. म्हणून तर भरायला जाणती बाई लागे. घुमीने एका बाजूला ओल्या घोंगड्या रचल्या आणि दुसऱ्या बाजूला टोप्या नि रुमाल. मग भिंतीपाशी जाऊन फोन धरून उभी राहिली. एकदा नव्हे, त्या आठवड्यात चार वेळा.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नवीन गाणं आलं. घुमीने यादी थांबवून ठेवली होती. पाच गाण्यांऐवजी त्या दिवशी एकच जाणार होतं. मी आंघोळ करून येते तो हेडफोन माझ्या खुर्चीवर तयार.

"मूळ आधी दे," मी म्हटलं.

"आज नको. आज हेच."

सुरुवातीला लांबवर वाऱ्यासारखं काहीतरी होतं. मग ठोका आला, खरोखर जड, पोटात बसणारा. चौथ्या मिनिटाला सगळं थांबलं आणि एका बाईचा आवाज आला. तुकडे केलेला, ताणलेला, पुन्हा पुन्हा येणारा. ते शब्द होते आणि ते आपल्या भाषेतले होते. 'हललं… अगं हललं… फरशीतून… हललं… अगं…' ठोका त्या आवाजाखाली परत आला आणि ती बाई त्याच्यावर तशीच म्हणत राहिली.

मी हेडफोन काढले.

"ही कोण आहे?"

"कोण?"

"ही बाई. फरशीतून हललं म्हणतेय ती."

घुमी माझ्याकडे बघत राहिली. तिने हेडफोन घेतले, एक कान लावला, ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"दुपारवाली आहे," ती म्हणाली. "टिपताना ती आली होती. मावशी, शपथ सांगते, मी हे तीस वेळा ऐकलं असेल. मला ते शब्द वाटलेच नाहीत. ठेका वाटला."

"ती कुठे उभी होती?"

"मशीनपाशी. झाकणाला हात लावून."

"आणि तू?"

ती हेडफोन खाली ठेवू लागली. मी पुन्हा विचारलं.

"भिंतीपाशी," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. फेब्रुवारी, वही, घोंगड्या. मी तारखा विचारत गेले, ती सांगत गेली. माझे यजमान असते तर ओरडले असते. मला ओरडता येत नाही. मी एवढंच विचारलं, "आज मशीनवर कोण आहे?"

"सकाळी बदलीची बाई. दोनला ती."

"मग ऊठ."

ती उठली नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच करीन, म्हणाली. रविवारी मशीन हलकंच भरलेलं असतं, म्हणाली. आणि मग खरं ते बोलली. "एकदा लिहिलं ना मावशी, की ते उघडणार. मग ते पुन्हा तसं कधीच वाजणार नाही." एक वाजला तरी आम्ही तिथेच. जेवण टेबलावर निवून गेलं. तिने यादी पाठवली नव्हती आणि पाठवणार नाही असंही म्हणाली नव्हती. सव्वा वाजता मी चपला घातल्या, काठी घेतली आणि एकटीच जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर ती मागून आली. एका पायात तिची चप्पल, एका पायात माझी.

धुलाईघर रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, चार पायऱ्या खाली आहे. अंगणात शिरलो आणि ठोका ऐकू आला. हेडफोन नव्हते, मध्ये भिंत होती, तरी चपलांच्या तळातून तो वर येत होता. घुमी पहिल्या पायरीवर थांबली. मला वाटलं दम लागला. तिने डोळे मिटले होते. उजव्या हाताचं बोट मांडीवर ठोका धरत होतं आणि डावा हात पिशवीत, फोनवर गेला होता.

"घुमे!"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे तिने असं पाहिलं की जणू मीच तिला काहीतरी वाईट करताना सापडले होते. मग ती धावली.

मी दारात पोचले तेव्हा दुपारवाली तीन नंबरला पाठ लावून उभी होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. मशीन हिसके देत सरकू लागलं होतं, म्हणून ती आपल्या अंगाचा भार देऊन ते आवरत होती आणि हसत होती. "ये गं, तू पण टेक! हिला आज दोघींची गरज आहे!"

घुमीने लाल बटण दाबलं. ड्रम थांबायला दीड मिनिट लागलं. सबंध वेळ तिने दुपारवालीला दंडाला धरून खेचून भिंतीशी दाबून ठेवलं होतं. ती ओरडत होती, "अगं, हात मोडशील माझा! झालंय काय तुला?"

मग घुमीने वही काढली. तीन नंबरपुढे तिने लिहिलं: 'ठोका. चालवू नये.' पुढे एक रकाना असतो, बिघाड कधीपासून. तिथे आजची तारीख घालून ती सुटली असती. कुणाला काही कळलं नसतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, आणि न बोलणं मला फार जड गेलं. तिने फेब्रुवारीतली तारीख लिहिली.

दुपारवालीने तिच्या खांद्यावरून वाचलं. पुन्हा वाचलं.

सोमवारी फिटरला मुद्दाम बोलावलं आणि त्याने मशीन उघडलं. ड्रम ज्यावर फिरतो त्या लोखंडी दांड्याला चीर गेली होती, अर्ध्याहून खोल. त्याने चिरेत नख घालून सुपरवायझरला दाखवलं. "आठवडा चाललं असतं, नाहीतर तासभर. ड्रम सुटला असता तर ती भिंतसुद्धा राहिली नसती." घुमीकडे त्याने पाहिलं नाही. आता तो दर गुरुवारी चारही मशीन स्वतः उघडतो आणि वहीला हात लावत नाही.

घुमीला कामावरून काढलं नाही. खरं लिहिलं म्हणून, असं सुपरवायझर म्हणाला. तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. वरच्या मजल्यावर, जिथे काहीच फिरत नाही. यादी तिने बंद केली. नवीन गाणं मात्र तिच्या यादीवाचून गेलं. ओल्या कोळशाने ते आपल्या पानावर ठेवलं होतं. त्या बाईच्या आवाजावर लोक खुळावले. त्याचे दहा-बारा रिमिक्स निघाले. कुणी तो आवाज उलटा फिरवला, कुणी लहान मुलासारखा केला. घुमीने त्याला कळवलं, शब्दांचा अर्थ कळवला. त्याने आपलं काढून टाकलं आणि मोठं पत्र लिहिलं. पण बाकीचे कोण, कुठले, ते तिलाही ठाऊक नव्हतं. अंगाईपासून नाचापर्यंत सगळीकडे ती बाई म्हणत राहिली, हललं, अगं हललं.

मेच्या तिसऱ्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दुपारवाली. माझ्याशी नीट बोलली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मला ऐकव," ती घुमीला म्हणाली. "ज्यात मी आहे ते."

"नको गं."

"अख्ख्या जगाने ऐकलं. मी नको ऐकू?"

घुमीने तिसरा जोड, माझा, तिच्या हातात दिला. ती पलंगाच्या कडेवर बसली, पाय फरशीला टेकले, हात मांडीवर. तीन मिनिटं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ती ताठ झाली. मला आवाज ऐकू येत नव्हता, पण कोणती जागा आली ते कळलं. तिचे ओठ किंचित हलले. शेवटपर्यंत तिने ऐकलं, आणि माझी समजूत होती की आता ती उठेल, पण तिने बोटाने खूण केली: पुन्हा. घुमीने पुन्हा लावलं. या वेळी चौथ्या मिनिटाला तिने हेडफोन काढून पलंगावर ठेवले.

"मी हसतेय असं वाटायचं मला," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यालाही हसतच सांगितलं होतं. पण यात मी घाबरलेली आहे. स्पष्ट कळतंय."

घुमी खाली मान घालून बसली होती.

"तुझा कान केवढा, घुमे. नाणं ऐकू येतं तुला."

"काढून टाकायचा प्रयत्न केला," घुमी म्हणाली. "माझ्या हातात नाही राहिलं."

"ते मी विचारलंच नाही."

ती निघाली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना मी ऐकत होते. एका लयीत, सावकाश. पलंगावर हेडफोन पालथे पडले होते आणि गाणं चालूच होतं. खोली इतकी शांत होती की त्या दोन वाट्यांतून तिचा आवाज येत होता, मुंगीएवढा, तुटक, पुन्हा पुन्हा. मी पुढे झाले. ते बंद कुठून करतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती हात उचलत नव्हती.